वाचकांचे प्रश्न : झाडावरून उतरायची दोरी

प्रश्न : सत्तरीत, म्हादई अभयारण्याच्या कडेला माझं काजूचं भाट आहे. बोंडं पिकायला लागली की रानडुकरं, गवे, माकडं सगळेच येतात. भाटाच्या टोकाला एक जुना माट (ऐनाचं झाड) आहे आणि वीसेक फुटांवर त्याला चांगलं दणकट बेचकं आहे. तिथे संध्याकाळी बसून कोण कुठून शिरतं ते पाहावं, जमलं तर फोटो काढावेत असा विचार आहे. माझा मेहुणा अमेरिकेत मिशिगनला असतो. तिथे तो हरणांच्या शिकारीला झाडावर चढतो आणि दोरीवरून उतरतो. गेल्या सुट्टीत त्याने त्याचं जुनं सामान मला आणून दिलं. त्यात पट्ट्यांची बसायची झोळी, 8 मिलिमीटरची 30 फूट दोरी, आठाच्या आकाराचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा, दोन कॅराबिनर (दार उघडून अडकवायचे धातूचे आकडे) आणि एक स्क्रूची स्टीलची कडी आहे. दोरी कमी पडेल असं वाटतं. म्हापशाच्या बाजारात मिळते ती पिवळी जाड नायलॉनची दोरी घेतली तर चालेल का? — एक बागायतदार, सत्तरी

उत्तर : आधी पिवळ्या दोरीबद्दल बोलतो, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत धोक्याची गोष्ट तीच आहे. तिला सगळे नायलॉन म्हणतात, पण बहुतेक वेळा ती नायलॉन नसते, पॉलिप्रॉपिलिन असते. घरी तपासून बघा. वीतभर तुकडा कापा, पाण्यात चुरगाळून आतली हवा काढा आणि बादलीत सोडा. पॉलिप्रॉपिलिन पाण्यावर तरंगतं, नायलॉन आणि पॉलिएस्टर तळाला जातात. तरंगते म्हणूनच ती रापणकारांना आणि होडीवाल्यांना सोयीची. पण ती सुमारे 160 अंशांना वितळते, तर नायलॉन जातीप्रमाणे 220 ते 255 अंशांपर्यंत टिकतं. दोरीवरून उतरताना तुमच्या वजनाची सगळी ऊर्जा त्या धातूच्या तुकड्यात उष्णता होऊन जमते. भरभर उतरलं की तो हाताला चटका देण्याइतका तापतो. त्यातच ही दोरी उन्हाने लवकर कुजते आणि वरून मात्र धडधाकट दिसते. बैल बांधायला, ताडपत्री ओढायला ती ठीक. माणूस तिच्यावर लटकवायचा नाही. शेजारी कितीही वर्षं वापरत असला तरी नाही.

आता मेहुण्याचं सामान. तिकडचे शिकारी पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी साधारण 15-20 फुटांवर बसतात. पहाटेच्या अंधारात, थंडीत, कधी मैलभर चालत जाऊन झाड गाठतात. सगळं ओझं पाठीवर असतं. त्यांतले काही जण एकच लहान पायरीदार काठी टप्प्याटप्प्याने वर सरकवत चढतात आणि उतरताना दोरीवरून येतात. त्यांना पाठपिशवीत मावणारी हलकी दोरी हवी असते, म्हणून 8 मिलिमीटर. त्या जातीच्या काही दोऱ्यांच्या आवरणात उष्णता सोसणारा अ‍ॅरामिड धागा असतो आणि तिच्याबरोबर काय वापरायचं, काय नाही हे त्यांना शिकवलेलं असतं. तुमचं झाड तुमच्या भाटात आहे, घरापासून हाकेच्या अंतरावर. तुम्हाला ग्रॅम मोजायची गरज नाही. जाड दोरी घ्या.

किती जाड, ते उतरायच्या उपकरणावर ठरतं. दोरी आणि उपकरण ही जोडी आहे, दोन्ही एकत्रच निवडायची. पेट्झल कंपनीचं ग्रीग्री हे आपोआप अडणारं उपकरण घ्या : आताच्या मॉडेलला 8.5 ते 11 मिलिमीटर दोरी चालते, त्याआधीच्या मॉडेलला 8.9 ते 11. मेहुण्याची 8 मिलिमीटरची दोरी त्यात घातली तर ती पकडेलच याची खात्री नाही, आणि नेमक्या वेळी घसरेल. आठाच्या तुकड्यातून एकेरी 8 मिलिमीटर दोरी इतक्या सहज सुटते की हाताने आवरत नाही. त्यात आठाला आपोआप थांबायची सोय नसते. तुमचा हात हाच त्याचा ब्रेक.

याबद्दल मला स्वतःचं सांगितलं पाहिजे. मी फोंड्याच्या बाजूला घरांवर झुकलेल्या फांद्या उतरवण्याचं काम वीसेक वर्षं करतोय, आणि पावसाळा सरला की मुलांना कड्यावरून उतरायला शिकवतो. सुरुवातीच्या वर्षांत एका आंब्यावरून आठावर उतरत होतो. दोरी हुमल्यांच्या घरट्याला घासून गेली होती, ते मला दिसलंच नाही. तांबड्या मुंग्यांचा लोंढा दोरीवरून माझ्या उजव्या हातावर आला. मी जाणूनबुजून हात सोडला नाही. हाताने स्वतःच झटका दिला. जमीन आठ-नऊ फुटांवर होती. डाव्या टाचेचं हाड मोडलं, तीन महिने घरात बसलो, आणि आजही पावसाची पहिली सर आली की ती टाच मला कळवते. तेव्हापासून दुसरा पहारेकरी लावल्याशिवाय मी उतरत नाही आणि कोणाला उतरू देत नाही.

तो दुसरा पहारेकरी म्हणजे 6 मिलिमीटर दोरीचं एक वेटोळं. उपकरणाच्या खाली मुख्य दोरीभोवती त्याचे चार-पाच वेढे घ्यायचे आणि दोन्ही टोकं हार्नेसला, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांच्या झोळीला, कॅराबिनरने अडकवायची. याला ऑटोब्लॉक म्हणतात. हात त्यावर असेपर्यंत ते सरकत राहतं, हात सुटला की आवळतं. दोन गोष्टी मात्र सांभाळा. मुख्य दोरीपेक्षा वेटोळं बरंच बारीक हवं : 11 वर 6 घट्ट धरते, 8 वर 6 धरेलच असं नाही. आणि ते वेटोळं इतकं लांब नको की वर उपकरणाला टेकेल. टेकलं तर सुटं राहतं आणि कामाचं उरत नाही. जमिनीपासून फूटभर उंचीवर लटकून, हात सोडून, दहा वेळा बघा. मगच झाडावर जा.

तेव्हा घ्यायचं ते असं : 10.5 किंवा 11 मिलिमीटरची अर्धस्थितिक (सेमी-स्टॅटिक), म्हणजे वजनाने फारशी न ताणली जाणारी दोरी. तिच्या टोकाच्या पट्टीवर ईएन 1891 (हे युरोपातलं मानक) आणि प्रकार ए असं छापलेलं हवं. या प्रकाराची दोरी किमान 22 किलोन्यूटनचा ताण सोसते, म्हणजे ढोबळमानाने 2200 किलोंचं वजन. आठाची गाठ मारलेल्या टोकांनी धरून तिने 15 किलोन्यूटन सोसले पाहिजेत. माझं वजन 75 किलो, मग एवढं कशाला, असं सगळे विचारतात. गाठ ताकद खाते, भिजलेलं नायलॉन ताकद गमावतं, खडबडीत साल आवरण खाते, आणि एखाद्या क्षणी झोका बसला तर 75 किलोंचे कित्येक पट होतात. प्रस्तरारोहणाची ताणली जाणारी दोरी उतरायला नको. ती रबरासारखी खालीवर करते आणि बेचक्यावर घासत राहते. उलट अर्धस्थितिक दोरी झटका गिळत नाही. म्हणून वर बसलेले असताना तुमची बांधणी नेहमी डोक्याच्या वर आणि ताणलेली हवी. ढील सोडून फांदीवर उभं राहायचं नाही. अशा दोरीवर पाचसहा फुटांचं पडणंही कंबर मोडू शकतं.

लांबीचा हिशेब करू. बेचकं 20 फुटांवर, म्हणजे 6 मीटर. जुन्या माटाचा तिथला घेर दीड मीटर धरा. गाठीला अर्धा मीटर. दोरी जमिनीला टेकून आणखी दीड मीटर उरायला हवी. झाले साडेनऊ मीटर. मेहुण्याची 30 फूट दोरी म्हणजे नऊ मीटरच्या जरा वर. ती कमी पडते हा तुमचा अंदाज बरोबर आहे. 15 मीटर घ्या, म्हणजे उतारावरच्या बाजूलाही पुरेल. आणि खालच्या टोकाला नेहमी गाठ मारून ठेवा. दोरी जमिनीला टेकलेली डोळ्यांनी दिसत असली तरीही.

झाडाला बांधायची पद्धत साधी आहे. दोरीच्या टोकाला आठाच्या गाठीचा फास करा आणि त्यात ती स्टीलची कडी घाला. टोक खोडाभोवती फिरवून आणा, लांब दोरी कडीतून घ्या आणि कडीचा स्क्रू पानाने घट्ट आवळा. तुम्ही लांब बाजूवर लटकलात की वेढा खोडाला आवळतो. त्याच कडीला एक बारीक दोरी बांधून खाली सोडा. उतरल्यावर ती ओढली की वेढा सैल होऊन सगळं खाली येतं. ही ओढायची दोरी वेगळ्या रंगाचीच हवी. अंधारात तिलाच उपकरण लावलं तर वेढा आवळायच्या ऐवजी सुटत जातो.

माटाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, हे तुम्हाला माहीतच आहे. ती वेढा छान धरते. पण उतरून दोरी ओढताना तिच्या खाचांत कडी अडकते, आणि दोरीचं आवरण कानशीने घासल्यासारखं तासलं जातं. बागेत पाणी द्यायच्या जाड नळीचा दोनेक हात तुकडा उभा चिरून खोडाशी दोरीवर चढवा. कडी वर अडकलीच तर ओढायच्या दोरीवर लटकू नका आणि कडी सोडवायला मोकळ्या हातांनी वर चढू नका. बांधून घेऊन, नव्याने चढून सोडवा.

माझ्या मते सगळ्यात नाजूक क्षण मात्र उतरण्याचा नसतो, त्याच्या आधीचा असतो. तुम्ही तासन्‌तास बसलेले असता, पाय बधिर झालेले असतात, अंधार पडलेला असतो, आणि आता बसायच्या बांधणीवरून उतरायच्या दोरीवर जायचं असतं. माणसं पडतात ती इथे. क्रम एकच : उपकरण लावा, ऑटोब्लॉक लावा, जुनी बांधणी तशीच ठेवून सगळं वजन नव्या दोरीवर टाका, तीस आकडे मोजा, कॅराबिनरचा स्क्रू बोटाने चाचपा, आणि मगच जुनी बांधणी सोडा. चढतानाही खोडाभोवतीचा पट्टा पहिल्या पावलापासून लावलेला हवा. वर जाऊन बांधून घेईन म्हणणाऱ्याला मी माझ्याबरोबर झाडावर नेत नाही.

मेहुण्याच्या झोळीच्या शिवणीवरची पट्टी वाचा. त्यावर बनवल्याचं साल असतं. दोरी-पट्ट्यांचं सामान न वापरता ठेवलं तरी दहा वर्षांच्या पुढे वापरू नका, असं बहुतेक कंपन्या सांगतात. पट्टी नसेल किंवा अक्षरं पुसली असतील तर झोळी बाजूला ठेवा. झोळीची पुढची कमान, जिच्यात तुमचं सगळं वजन येतं, ती बोटांत धरून वाकवून बघा. एखाद्या ठिकाणी ती चपटी किंवा मऊ लागली तर बदलायचीच. कॅराबिनर स्क्रूचे आहेत ना, आणि त्यांच्यावर किलोन्यूटनचे आकडे कोरलेले आहेत ना, तेही बघा. किल्ल्यांना लावायचे कॅराबिनर हुबेहूब तसेच दिसतात.

झाडाबद्दल थोडंसं. माट उत्तम, त्याला राज्यवृक्षाचा मान उगाच नाही. पण जुना आहे म्हणता, तर हातोडीच्या मुठीने खोड आणि बेचक्याखालचा भाग ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर नको. बुंध्याला अळंबी उगवत असेल तर आत कूज आहे. काजूवर कधी बांधू नका, त्याची फांदी न सांगता कडकन तुटते. शेवगा, सावर, पोकळ झालेला आंबा हेही नकोत. भेरली माड एकदा तुरे येऊन गेले की मरायला लागतो, तोही नको.

काजूवरून आणखी एक गोष्ट आठवली. दोरी बियांच्या ढिगावर किंवा भट्टीपाशी टाकू नका. टरफलातलं तेल कातडी भाजतं. ते फिनॉलच्या कुळातलं आहे, आणि फिनॉलमध्ये नायलॉन विरघळतं. तसा डाग पडलेली दोरी मी कापून टाकतो, मग कालच आणलेली का असेना. दोरी झाडावरही ठेवू नका. ऊन लागतं आणि चान्या (खारी) कुरतडतात. बेचक्यावरून एक बारीक सुतळी तेवढी टांगून ठेवा. दर वेळी तिने खरी दोरी वर ओढून घ्यायची. सुतळी पहिल्यांदा वर टाकायला गळाचं शिसं बांधलेली तंगूस पुरते.

तुम्ही फोटोचं लिहिलंत आणि मी त्यावर विश्वास ठेवून हे सगळं लिहिलं. पण हे पान आणखी कुणाच्या हाती पडेल, म्हणून स्पष्ट सांगतो. मिशिगनमध्ये परवाना काढून ठरलेल्या हंगामात शिकार करता येते. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर शिकारीचे परवाने उरलेले नाहीत. रानडुक्कर पिकाचा कितीही नाश करो, परवानगीशिवाय मचाणावरून बंदूक चालवणं किंवा फास लावणं गुन्हा आहे, आणि फासात डुक्करच सापडेल असंही नाही. नुकसानभरपाईचा अर्ज वनखात्याकडे करा. तुमच्या फोटोंचा तिथे खरा उपयोग होईल. आणि माट अभयारण्याच्या हद्दीत येतो की तुमच्या, हे नकाशावर बघून घ्या. हद्दीत असेल तर परवानगीशिवाय चढायचं नाही.

प्रश्न : आमचे यजमान नेत्रावळीच्या बाजूला पक्ष्यांचे फोटो काढायला झाडावर चढतात. त्यांचं सामान चांगलं आहे, शिकूनही घेतलंय. मी खाली उभी असते. ते लटकून राहिले, बोलेनासे झाले, तर मी काय करायचं? मला चढता येत नाही. — एक वाचक, सांगे

उत्तर : ताई, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी विचारला, आणि तो चढणाऱ्याने आधी विचारायला हवा होता.

खाली उभ्या माणसाच्या हातात मोठी ताकद असते. यजमान आठासारख्या साध्या उपकरणावर उतरत असतील तर दोरीचं खालचं टोक तुम्ही दोन्ही हातांत धरून उभ्या राहा, सैल. त्यांचा हात सुटला तर टोक जोरात खाली ओढा, गरज पडली तर त्याला लटका. दोरी ताणली की उपकरणातलं घर्षण वाढतं आणि ते जागीच थांबतात. हळूहळू सैल केलं की हळूहळू खाली येतात. रविवारी दहा फुटांवरून हे दोघांनी करून बघा. तुमच्यापेक्षा त्यांचं वजन दुप्पट असलं तरी जमतं. डोक्यावर हेल्मेट घाला आणि बरोबर त्यांच्या खाली उभ्या राहू नका.

ते आपोआप अडणाऱ्या उपकरणावर असतील तर दोरी ओढून उपयोग नाही, कारण ते अडलेलंच असतं. तिथे आधीच तयारी लागते. मुख्य दोरी वर खोडाला पक्की बांधण्याऐवजी बेचक्यावरून पलीकडे खाली आणायची आणि बुंध्याशी दुसऱ्या उपकरणातून बांधायची. मग ते बेशुद्ध झाले तरी तुम्ही बुंध्याशी उभ्या राहून त्यांना खाली सोडू शकता. दोरी दुप्पट लागते आणि बेचक्यावर ताणही जवळपास दुप्पट येतो, म्हणून बेचकं तसं दणकट हवं. तुम्ही चढत नाही, तेव्हा त्यांनी हीच पद्धत वापरावी असं माझं ठाम मत आहे.

हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकलेला माणूस काही मिनिटांतच घेरी येऊन पडू शकतो. पायातलं रक्त वर येत नाही. शुद्धीवर असतील तर त्यांना ओरडून पाय हलवायला लावा. त्यांनी छातीपाशी दोरीचं एक पायवेटोळं कायम लटकवलेलं असावं, म्हणजे त्यात पाय देऊन उभं राहता येतं. खाली आणल्यावर सरळ आडवं झोपवा आणि श्वास बघा. लटकलेल्याला एकदम आडवं करू नये, बसवून ठेवावं, असं पूर्वी शिकवत. मीही तसंच शिकलो होतो. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याने 2009 मध्ये तपासून त्याला आधार नाही असं सांगितलं. 108 ला फोन आधी लावा. नेत्रावळीच्या रानात रेंज कुठे येते ती जागा चढण्याआधी शोधून ठेवा. मोबाइल एकच असेल तर तो खाली तुमच्यापाशी राहू दे.

प्रश्न : पावसाळ्यात दोरीला बुरशी येते. साबणाने धुवावी का? — एक वाचक, पेडणे

उत्तर : कोमट पाणी आणि अगदी थोडा सौम्य साबण, बस. ब्लीच नको, कपड्यांची जहाल पावडर नको, वाळवायला ऊन नको. पडवीत दांडीवर सैल वेटोळी घालून पंख्याखाली तीन-चार दिवस वाळवा, आपल्याकडच्या जुलैत एवढे लागतातच. समुद्रावर वापरली असेल तर कॅराबिनरही गोड्या पाण्यात बुडवून काढा. खारं पाणी स्प्रिंगमध्ये बसलं की दार पुरतं मिटत नाही. वाळल्यावर दोरी हातभर, हातभर बोटांतून ओढत जा. जिथे आतला गाभा बोटाला लागत नाही, तिथे ती कापा.